गीसेनचे मदतनीस

माझी सगळी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून झाली. त्यामुळे जर्मन रसायनज्ञ लीबिगचा इतिहास वाचताना माझं लक्ष त्याच्या मदतनिसांकडेच जातं.

यूस्टुस लीबिग 1824 साली गीसेनच्या छोट्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. तोवर बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवी आणि मुलं पाहत. लीबिगने मुलांनाच कामाला लावलं. 1831 साली त्याने कार्बन मोजायचं उपकरण केलं: त्रिकोणात वाकवलेली काचेची नळी, तिला पाच फुगे, आत कॉस्टिक पोटॅशचं द्रावण. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा. निघालेला कार्बन डायऑक्साइड पोटॅशमध्ये शोषला जातो. उपकरण आधी आणि नंतर तोललं की हिशेब लागतो. मुरलेल्या रसायनज्ञाचं हे काम आता विद्यार्थी करू लागले.

विद्यार्थी वाढले तसं काम वाटलं गेलं. नवशिक्यांना शिकवणं अनुभवी मदतनिसांकडे आलं. पुढे गेलेले विद्यार्थी आपापल्या विषयावर काम करत. काल काय केलं आणि त्यावर आपलं मत काय, हे रोज सकाळी लीबिगला सांगत. तो मान्य करी किंवा आक्षेप घेई. वाट मात्र ज्याची त्याने काढायची. हाइनरिश विल, हॉफमान हे मदतनीस याच टेबलांवर शिकलेले. फ्रेसेनियस 1841 साली आला, तेव्हा गुणात्मक विश्लेषणावरचं त्याचं पुस्तक नुकतंच निघालं होतं. तोही मदतनीस झाला. आपल्या बी.एस्सी.ची मुलं सॉल्ट ॲनॅलिसिसला धातूंचे जे ग्रुप पाठ करतात, ते याच परंपरेतले.

मदतनिसाचं कसब कशात असतं ते सांगतो. मुलगा म्हणतो, "सर, सेकंड ग्रुप ॲबसेंट." सॉल्टमध्ये कॅडमियम आहे हे मला ठाऊक असतं, पण ते सांगायचं नाही. "आम्ल किती घातलंस?" एवढंच विचारायचं. आम्ल जास्त झालं की कॅडमियम खाली बसत नाही. तो पाणी घालतो, किप्सच्या उपकरणातून पुन्हा हायड्रोजन सल्फाइड सोडतो, आणि पिवळा साका येतो. आपली चूक आपणच शोधायची सवय लागलेला मुलगाच पुढे संशोधन करतो.

हॉफमान 1845 साली ही पद्धत घेऊन लंडनला रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला. तिथे त्याचा मदतनीस झालेल्या विल्यम पर्किनने 1856 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनाइन बनवू पाहताना जांभळा रंग शोधला. कृत्रिम रंगांचा उद्योग त्यातून उभा राहिला.

आपल्याकडे आता चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय आला आहे. त्यासाठीही असेच मदतनीस लागतील. प्राचार्यांना माझी विनंती आहे: प्रकल्पांची यादी लावण्याआधी प्रयोगशाळेत मुलांशेजारी उभं राहणारी माणसं नेमा, आणि त्यांना वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली बॅच घेऊ द्या.