फुकट इंटरनेट नावाची वेगळी विहीर

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला सोबत घेऊन ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणले. त्याचेच नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. सुरुवातीच्या मोजक्या सर्कलमध्ये महाराष्ट्र होता, म्हणजे आपला वर्धा जिल्हाही आला. रिचार्ज न करता इंटरनेट, असा प्रचार होता. सुरुवातीला फुकट उघडणाऱ्या वेबसाइट चाळीसही नव्हत्या.

डिसेंबरात झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी उभा केला. गणेश हवामान बघतो, बाजारभाव बघतो. आर्वी-हिंगणघाटच्या कापूस-सोयाबीनवाल्याला एवढे पुरे, अशी ही समजूत. त्याला शासनाचा जीआर वाचायचा असेल, ॲट्रॉसिटीच्या खटल्याचा निकाल शोधायचा असेल, बाबासाहेबांचे खंड उघडायचे असतील तर? यादी ठरवणारा गणेश नव्हता.

काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, असे तेव्हा आपल्यातलेही काही म्हणाले. हा युक्तिवाद आपल्या आज्यांच्या चांगला ओळखीचा. तुमची वेगळी विहीर आहे ना, मग गावच्या पाणवठ्याचा हट्ट कशाला? १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर नुसती तहान भागवायला गेले नव्हते.

नेट पुरवणाऱ्या कंपनीने मजकूर कोणाचा हे पाहून दर किंवा वेग बदलू नये, इतकीच नेट न्यूट्रॅलिटीची मागणी आहे. आपल्याला ती नवी नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. पण टपालाचा दर वजनावर होता, अंक कोणाचा यावर नव्हता. म्हणून तर गावोगावी अंक पाठवता येत होता.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फ्री बेसिक्सला भारतातून जावे लागले.

या विजयाचे श्रेय आपले नाही, हे कबूल करू. ट्रायचा कागद इंग्रजीत होता आणि ईमेलची मोहीम शहरी मंडळींनी चालवली. आम्ही त्या दिवसांत रोहित वेमुलासाठी रस्त्यावर होतो. १७ जानेवारीला रोहित गेला. त्याचे शेवटचे पत्र आम्ही मोबाइलवरच वाचले, तेही विकतच्या डेटावर. फ्री बेसिक्सच्या भरवशावर असतो तर फेसबुकवरची पोस्ट दिसली असती, खालची लिंक उघडायला पैसे मागितले असते. तरीही त्या दोन लढाया एकच आहेत हे आमच्या लक्षात आले नाही.

गरिबाला तुकडाच परवडतो, हा दावाही टिकला नाही. सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि काही महिन्यांत अख्खे इंटरनेट स्वस्त झाले.

आता मोबाइल कंपन्या दुसऱ्या दाराने येत आहेत. मोठ्या ॲपनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा द्यावा, असे त्या म्हणतात. आज मोठ्यांकडून घेतील. उद्या आपल्या वेबसाइटकडून, भीमगीतांच्या चॅनेलकडून मागणार नाहीत याची हमी कोण देणार? ट्रायचा पुढचा कागद आला की त्याचे मराठी करून विहारात वाचायचे, असे आम्ही वर्ध्यात ठरवले आहे. ज्यांना भाषांतराला हात लावता येईल त्यांनी कळवा.

जय भीम!