आकड्यांची जुळवाजुळव

ब्रिटिश हिंदुस्थानच्या परदेशी व्यापाराचे जुने तक्ते हाताशी आले, तर १९३६-३७ आणि १९३७-३८ ही वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. तांदळाची आयात एकाएकी फुगलेली दिसते. दुष्काळ पडला होता का? नाही. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. रंगूनहून येणारा तांदूळ तोच होता, बंदरेही तीच होती. फक्त आदल्या दिवसापर्यंत तो किनारी व्यापारात मोजला जाई, आता परदेशी आयातीत मोजला जाऊ लागला. वाढली ती आयात नव्हे, बदलला तो खण.

मालासाठी साऱ्या देशांनी सारखेच खण वापरावेत, हा विचार जुना आहे. १८५३ मध्ये केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ब्रुसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. १९१३ मध्ये तिथेच १८६ गटांची एक यादी ठरली. आज बहुतेक देश वापरतात ती सहा अंकी ‘सुसंवादी’ पद्धत मात्र १९८८ मध्ये लागू झाली. तिच्यातला ०८०४५० हा क्रमांक पाहा: पेरू, आंबे आणि मँगोस्टीन, सगळे एकत्र! (रत्नागिरीच्या बागायतदारांना हे सांगू नये.) भारताने पुढे दोन अंक जोडून आंबा वेगळा काढला, पण दुसऱ्या देशाशी तुलना करायची, तर पुन्हा सहा अंकांवर यावे लागते. शिवाय खण हलतातही. मोबाइल फोन आधी ८५२५ मध्ये होता, २००७ च्या आवृत्तीत तो ८५१७ मध्ये आला. केवळ ८५१७ चा आलेख काढणाऱ्याची फसगत ठरलेली.

खरी अडचण पुढेच आहे. व्यापाराचे आकडे वस्तूंचे असतात, उद्योगाचे आकडे कारखान्यांचे. साखर कारखाना साखर करतो, मळी विकतो, मद्यार्कही गाळतो. बंदरावर या तिन्हींचे क्रमांक वेगळे. पण मद्यार्काचा हिशेब स्वतंत्र ठेवलेला नसेल, तर उद्योगांच्या पाहणीत सारा कारखाना, त्याच्या कामगारांसकट, ‘साखर’ या एकाच खणात जातो.

१९९१ नंतर भारताने आयातशुल्क झपाट्याने उतरवले. त्याचा कामगारांवर काय परिणाम झाला? शुल्क वस्तूवर, मजुरी मात्र कारखान्यात. या दोन याद्या सांधल्याशिवाय प्रश्नाला हातच घालता येत नाही. बिबेक देबरॉय आणि ए. टी. संथानम यांनी १९९३ मध्ये व्यापाराचे क्रमांक १९८७ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाशी जुळवणारा तक्ता केला. असे काम कंटाळवाणे. त्याला बक्षीस मिळत नाही. पण पुढच्या अनेक अभ्यासांनी हाच तक्ता वापरला.

एक वस्तू दोन उद्योगांत बसली, तर काय करायचे? तिचे आकडे ठरावीक प्रमाणात वाटावेत, किंवा दोन्ही उद्योग मिळून एक मोठा खण करावा. वाटले तर प्रमाण आपणच गृहीत धरलेले असते. एकत्र केले तर बारकावा जातो. आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात काय गमावले ते निदान दिसते.

वर्गात हे करून पाहता येईल. किराण्याच्या यादीतील वीस वस्तू मुलांनी आधी वस्तूंच्या जातीप्रमाणे लावाव्यात, मग त्या कुठे तयार होतात त्याप्रमाणे, आणि दोन्ही याद्या जोडणारा तक्ता करावा. गुळापाशी गाडी अडेल. जातीने तो साखरेशेजारचा. पण गुऱ्हाळ बहुधा कारखाना म्हणून नोंदलेलेच नसते.