न झालेल्या रेकॉर्डची सनद

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत अल्लादियाखाँसाहेब वारले, तेव्हा त्यांचे वय नव्वद होते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू होऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती. इराण्याच्या हॉटेलात ग्रामोफोन वाजत होता, नाटकातली पदे तबकड्यांवरून घराघरांत गेली होती आणि खाँसाहेबांच्या शिष्यांच्या रेकॉर्डीही निघाल्या होत्या. पण जयपूर-अत्रौली घराण्याचा पाया घालणाऱ्या या गवयाची एकही रेकॉर्ड नाही. कारण त्यांनी ती होऊ दिली नाही.

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या जगात ही रिकामी जागा सर्वात मोठी मानली जाते. एखादी दुर्मीळ तबकडी चोरबाजारात आज ना उद्या सापडेल अशी आशा ठेवता येते, पण मुळात झालीच नाही ती कुठून सापडणार? तरीही रेकॉर्डींची तुलना करून या न ऐकलेल्या आवाजाजवळ बरेच पोहोचता येते असे मला वाटते. शिवाय 'उस्तादांनी विद्या लपवली' हा जो आरोप आपल्याकडे शंभर वर्षे चालत आला आहे, त्याचीही परीक्षा याच तुलनेत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानी गाणे पहिल्यांदा तबकडीसाठी मुद्रित झाले. गौहरजान त्याच सत्रात गायली. मुद्रण इथे होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गाणारा शेवटी आपले नाव मोठ्याने सांगे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. कर्ण्यासमोर तोंड नेऊन जोरात गावे लागे, कारण विजेचा मायक्रोफोन १९२५ नंतरचा. एक राग तासभर मांडणाऱ्या गवयाला हा सौदा अपमानाचा वाटला तर नवल नाही.

सगळेच उस्ताद दूर राहिले असे मात्र नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांचे उदाहरण अगदी उलट आहे. ते उत्तर प्रदेशातल्या किराण्याचे. पुढे मिरजेचेच झाले. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच रेकॉर्डी दिल्या आणि तिसाव्या दशकात पुन्हा दिल्या. तीन मिनिटांत काय सांगायचे आणि काय गाळायचे हे त्यांना नेमके उमगले होते. मराठी नाट्यपदेही त्यांनी तबकडीवर गायली. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. खाँसाहेब १९३७ मध्ये प्रवासात, मद्रासजवळच्या एका रेल्वे स्टेशनावर वारले. त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही, असे हजारो लोक आज त्यांचा आवाज ओळखतात. तबकडीवर विश्वास ठेवल्याचे हे फळ.

मग अल्लादियाखाँसाहेबांनी नकार का दिला? सहसा दोन कारणे सांगितली जातात. एक, त्यांची गायकी तीन मिनिटांत बसणारी नव्हती. दुसरे, घराण्यातले अनवट राग आणि बंदिशी कुणीही उचलू नयेत असे त्यांना वाटे. दुसरे कारण सांगताना सांगणाऱ्याचा सूर बदलतो. भातखंडे आणि पलुस्करांच्या काळापासून 'उस्ताद अशिक्षित, हटवादी आणि विद्या कोंडून ठेवणारे' असे एक चित्र तयार झाले आहे, आणि या नकाराकडे त्याचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते.

खाँसाहेबांनी विद्या कुणाला दिली ते पाहिले की हे चित्र टिकत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात आणि पुढे मुंबईत त्यांनी मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या मुलांना घडवले. पण त्यांच्याकडे शिकलेल्यांत भास्करबुवा बखले होते, गोविंदराव टेंबे होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत त्यांच्या गाण्याला मान होता, जन्माला नव्हता. मंजीखाँ आणि त्यांच्यानंतर भुर्जीखाँ यांनी धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूर या लिंगायत तरुणाला शिकवले. म्हणजे खाँसाहेबांनी यंत्राला नाही म्हटले, माणसांना नाही. विद्या द्यायची तर समोर बसवून, वर्षानुवर्षे, शिष्याचा गळा आणि सबुरी जोखून. ही अट कडक होती, पण ती जातीची किंवा धर्माची नव्हती.

आता तुलनेकडे येतो. मदरशात हदीसचा अभ्यास करणाऱ्याला 'इस्नाद' म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकवतात. अमुक गोष्ट अमुकाने सांगितली, त्याने ती कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून, अशी साखळी. वेगवेगळ्या शहरांतले, एकमेकांशी संबंध नसलेले लोक तीच गोष्ट सांगत असतील, तर ती त्यांच्याही आधीच्या कुणाकडून आली असणार असे मानतात. उलट एकच जण सांगतो आणि बाकीचे सांगत नाहीत, अशी गोष्ट सावधपणे घ्यायची. रेकॉर्डींना हीच कसोटी लावता येते.

केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या घ्या, त्यांत नटकामोद आहेच. शेजारी मोगूबाईंचे आणि मन्सूरांचे गाणे ठेवा. ललितागौरी तर केसरबाई, मन्सूर आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर या तिघांच्याही आवाजात ऐकता येतो. केसरबाईंचा आवाज भरदार आणि खुला, मोगूबाईंचा लयीचा हिशेब काटेकोर, मन्सूरांचा दम आणि वळणे घेण्याची घाई वेगळी. हे ज्याचे त्याचे. पण मोकळा आकार, आलापातच लयीचा पदर धरून पुढे सरकणे, एका तानेतून दुसरी उलगडत नेणे, सम गाठताना घाईघाईने उडी न मारता विणकाम पुरे करत येणे आणि जोडरागात दोन रागांचा सांधा दिसू न देणे, हे सगळ्यांकडे सापडते. केसरबाई आणि मोगूबाई एकमेकींची नक्कल करणाऱ्या नव्हत्या, मन्सूर तर दुसऱ्याच वाटेने आले. तरी जे समान आहे ते खाँसाहेबांचे. किशोरीताईंचा संथ, भावाच्या मागे जाणारा आलाप या साखळीत मागे कुठे दिसत नाही. म्हणून तो त्यांचा स्वतःचा, आणि त्यात त्यांचे मोठेपण आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मन्सूरांची साखळी मंजीखाँमधून जाते आणि १९३७ मध्ये वारलेल्या मंजीखाँचीही रेकॉर्ड ऐकायला मिळत नाही. तिथे एकाऐवजी दोन कड्या गळालेल्या आहेत. दुसरी अडचण यंत्राची. जुन्या तबकड्यांवर ७८ लिहिलेले असले तरी सगळ्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नसत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर वाजवली की पांढरी एकचा गवय्या जवळजवळ काळी एकमध्ये गातो, तानही उगाच जलद वाटते आणि आपण त्याच्या तयारीचे कौतुक करत बसतो. जाणकार संग्राहक म्हणून आधी पेटी-तंबोऱ्याचा सूर पकडतात, वेग नीट करतात आणि मगच बोलतात. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी स्थापन केलेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने असे बारकावे नोंदवण्याची शिस्त लावली. तबकडी जमवणे हा शौक आहे, तिच्यावरचा क्रमांक, तारीख आणि वेग लिहून ठेवणे हा इतिहास.

खाँसाहेबांचा एक आवाज मात्र खरोखर उरला आहे, आणि तो माझ्या विषयाच्या भाषेत आहे. म्हातारपणी त्यांनी आपली आयुष्यकथा नातू अझीझुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. तिचा इंग्रजी अनुवाद २००० मध्ये निघाला. त्यात तरुणपणी आवाज बसल्याची हकिकत आहे. गेलेला गोडवा परत आला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडवली. हे वाचून रेकॉर्डी पुन्हा ऐका. नुसत्या स्वराच्या मिठाशीवर न विसंबता बुद्धी आणि लयीच्या वजनावर उभी राहणारी ही गायकी अशी का, ते कळते. आपले पूर्वज मूळचे ब्राह्मण होते असेही खाँसाहेब तिथे सांगतात. ते सांगताना त्यांना ना संकोच वाटतो, ना आपल्या मुसलमान असण्याला बाध आल्यासारखे वाटते. संगीत हराम म्हणून उस्तादांना घरातून काढणारे आणि संगीत आमचे म्हणून त्यांना इतिहासातून काढणारे, दोघांनीही ती पाने वाचावीत.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांवरच्या सोनेरी तबकडीत हिंदुस्थानी संगीताचा एकच तुकडा आहे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ज्याने आपला आवाज मुंबईतल्या यंत्राला दिला नाही, त्याची तालीम आज सूर्यमालेच्या पलीकडे फिरते आहे. ती नेली यंत्राने, पण यंत्रापर्यंत पोहोचवली एका शिष्येने.

आता आपल्याकडे पाहू. पनवेलपासून रत्नागिरीपर्यंत कितीतरी मुस्लिम घरांत कोकणी लग्नगीतांच्या, मीलादच्या, कव्वालीच्या कॅसेटी पेट्यांत पडून आहेत. गाणाऱ्या आज्या आणि मामा एकेक करून जात आहेत. त्यांचा आवाज फोनवर घेणे आज फुकट आहे. फक्त गाणे संपल्यावर कुणी गायले, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला आणि कुणाकडून शिकून, एवढे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. हॅनोव्हरच्या कारागिरांना ते लागत होते, उद्याच्या इतिहासकारालाही लागेल.