माहितीचे औषध

अजिंठ्याच्या घाटाखाली वसलेले फर्दापूर लेण्यांमुळे जगाला ठाऊक आहे. त्या लेण्यांच्या भिंतींवर कलावंतांनी जातककथा रंगविल्या. निरक्षर माणसालाही त्या पाहून बोध घेता येई. पुढे मात्र याच परिसरात ज्ञान आणि जनता यांच्यामध्ये भाषेची भिंत उभी राहिली.

1948 पर्यंत फर्दापूर निजामाच्या राज्यात होते, तर लगतच्या खानदेशावर इंग्रजांचा अंमल होता. 1884 पासून हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूत चालू लागला. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पुढे वैद्यकाचे शिक्षणही उर्दूतून दिले जाऊ लागले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग थोर होता, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु मराठवाड्यातील शेतकऱ्याची भाषा मराठी होती. संस्थान विलीन झाले, 1956 साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने घरोघरी परिचित झाले. उपचार जवळ आले. तथापि उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे अक्षर रुग्णाला परकेच राहिले.

ही भिंत पाडण्याचा मोठा प्रयत्न 1970 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या. पण परक्या बाईवर गावाचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. जुलाब झालेल्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, कुष्ठरोग कसा ओळखावा, हे त्यांनी आपल्या बोलीत शिकून घेतले आणि शेजारणींना शिकविले. जामखेड प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1996 मध्ये ते प्रमाण 26 वर आले. अन्न, पाणी, शेती या सुधारणांचाही त्यात वाटा होता. पण डॉक्टरांनी आपले ज्ञान वाटून टाकले नसते, तर त्या सुधारणा गावाच्या हाती आल्या असत्या का? 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

वाचकहो, हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. शिकलेले कुटुंब हा हक्क मागू शकते. ज्याच्या कानी तो कधी पडलाच नाही, तो माणूस शेत गहाण ठेवतो, नाहीतर रुग्णाला घरी घेऊन जातो. कायदा दोघांनाही सारखाच. फरक पडतो तो माहितीमुळे.

आपल्या धर्मग्रामांतून रुग्णांना फळे, पैसे, धीर असे पुष्कळ काही दिले जाते. त्यात याचीही भर पडावी. दाखल होताना रुग्णासोबत अर्ज वाचणारे, डॉक्टरांना प्रश्न विचारणारे आणि उत्तर साध्या मराठीत समजावून सांगणारे कोणी असावे. जामखेडच्या निरक्षर बायांना जे जमले, ते आपल्या सुशिक्षित घरांना अवघड वाटू नये.