कुडावरून जहांगीरमध्ये

दुधनीला येणारा पर्यटक बहुधा मधुबन जलाशयात नावेतून एक फेरी मारतो, फोटो काढतो आणि सिल्वासाला परततो. दमणगंगेवरच्या धरणाचं हे पाणी देखणं आहे खरं. पण दादरा-नगर हवेलीचं जगभर पोचलेलं चित्र पाण्यावर नाही, कुडावर उमटलं. सीमेपलीकडच्या डहाणू-तलासरीसारखेच इथेही वारली पाडे आहेत. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ.

हे चित्र मुळात सजावटीसाठी नव्हतं. लग्नघरी सवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत आणि त्यात पालघाट देवी बसे. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणे. चौकाशिवाय लग्न लागत नसे. पोरंटोरं आसपास लुडबुडत सगळं पाहत असत. तिकीट नाही, ‘हात लावू नका’ची पाटी नाही.

कुडावरचं हे चित्र पुढे मुंबईतल्या एका इमारतीत पोचलं. तिथे काळ्या घोड्याजवळ 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या नावाने तिला देणगी दिली आणि वास्तू दुर्गा बाजपेयींनी आखली. आत जायला पैसे पडत नाहीत, ही या गॅलरीची सर्वांत मोठी श्रीमंती. याच इमारतीत केकू गांधींची केमोल्ड गॅलरी होती. चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत हिंडले, तिथल्या चित्रकारांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि 1975 मध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं केमोल्डमध्ये लागली.

मशे लहानपणीच आईला पारखे झाले. त्यानंतर त्यांनी बोलणं सोडलं आणि मातीत रेघोट्या ओढून ते मनातलं सांगू लागले, असं सांगतात. बायकांच्या हातचं, लग्नापुरतं चित्र त्यांनी रोजचं केलं. तारपा नाच, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, सगळं त्यात आलं. 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले.

या कौतुकात सवासिनींची नावं मात्र कुणी टिपून ठेवली नाहीत. कागद आला, सही आली आणि चित्र पुरुषांच्या नावावर गेलं. कलेच्या इतिहासातली ही चूक गॅलरीच्या भिंतीवर कुठे लिहिलेली नसते.

तरी मुलांना जहांगीर दाखवावंच. तिथलं समोवार हे उपाहारगृह 2015 मध्ये बंद झालं, त्यामुळे चित्रं बघून दमलेल्या पोरांना खाऊ घालायला आता बाहेर पडावं लागतं. तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. मूल अमूर्त चित्रासमोर उभं राहून ‘हे काय आहे?’ विचारेल. उत्तर देण्याची घाई करू नये. त्यालाच विचारावं, तुला काय दिसतं?

दुधनी-खानवेलच्या शाळांनी एक सहल तिकडे जरूर न्यावी. वापीहून मुंबईला गाड्या आहेत आणि जहांगीरचं दार फुकट उघडं आहे. निघण्याआधी मात्र मुलांना पाड्यावरचा एखादा चौक दाखवावा, आणि तो जिने लिहिला तिचं नाव वहीत उतरवून घ्यायला सांगावं.