पहाटे मासे वर का येतात?

मानकोलीजवळच्या भिवंडीत वऱ्हाळा तलाव आहे. अशा तलावांत मे महिन्यातल्या पहाटे कधी कधी मासे पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करताना दिसतात. पकडणाऱ्याला ते सोपे. पण असे का घडते?

१८८८ मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी मँगनीज व आयोडीनच्या अभिक्रियांतून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत दिली. अशा मोजमापांतून आपल्याला कळले, की २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत. श्वसन मात्र सगळ्यांचेच चालू असते. म्हणून पहाटे तुटवडा सर्वांत जास्त.

वर आलेला मासा गुदमरलेला असतो. त्यात आपण सांडपाणी सोडले, तर जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात आणि सकाळी मेलेले मासे तरंगतात.