वाण नाही, पण गुण

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. गडचिरोलीतल्या एखाद्या वर्गात अतिसंवाहकाच्या शेजाराचा गुण सांगायला याहून नेमकी म्हण सापडायची नाही. १९११ मध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी लायडनला पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला; हीच अतिसंवाहकता. १९३२ मध्ये होल्म आणि माइसनर यांच्या हाती वेगळंच लागलं. दोन अतिसंवाहकांमध्ये साध्या धातूचा पातळ थर दाबून धरला, तर वीज त्यातूनही विनारोध पार होते!

असं का, हे उमगायला तीस वर्षं गेली. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात. साध्या धातूतून सीमेवर आलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनला आत थारा नाही. तो आपल्याकडचाच जोडीदार ओढून आत शिरतो आणि मागे पडलेली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, आल्या वाटेनं परत फिरते. आंद्रेयेव यांनी हे १९६४ मध्ये मांडलं. परिणाम असा, की सीमेलगत थोड्या अंतरापर्यंत साध्या धातूतही जोडीची सवय टिकते.

पुढे २००८ मध्ये लिआंग फू आणि चार्ल्स केन यांनी या शेजाराला नवं काम दिलं. टोपोलॉजिकल विद्युतरोधक आतून वीज अडवतो, पृष्ठभागावर वाहू देतो. त्या पृष्ठभागाला अतिसंवाहक भिडवला, तर मायोराना यांनी १९३७ मध्ये कल्पिलेल्या कणासारखी अवस्था मिळेल, असं त्यांचं गणित. तिच्यावर क्वांटम संगणकाची आशा टांगलेली आहे. घाई मात्र नडते: नॅनोतारेतल्या मायोराना अवस्थेबद्दलचा, डेल्फ्टच्या संशोधकांचा २०१८ चा गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.

टोपोलॉजिकल विद्युतरोधकांच्या प्रयोगांतला लाडका पदार्थ बिस्मथ सेलेनाइड. त्यातलं बिस्मथ स्वतः शुद्ध रूपात अतिसंवाहक होतं का? याचं उत्तर आपल्या कुलाब्यातून आलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी अतिशुद्ध बिस्मथचे स्फटिक थंड करत नेले. २०१६ च्या डिसेंबरात ‘सायन्स’मधून उत्तर जाहीर झालं: होतं, पण ०.०००५३ केल्व्हिनला. या धातूत लाखभर अणूंमागे जेमतेम एक फिरता इलेक्ट्रॉन, त्यामुळे अतिसंवाहकतेच्या प्रचलित सिद्धान्ताला हे पटकन पचणारं नव्हतं. उलट नायोबियम हा धातू ९.२ केल्व्हिनलाच अतिसंवाहक होतं, म्हणजे सतरा हजार पटींहून जास्त तापमानाला. असा शेजारी मिळत असताना बिस्मथच्या संयुगाला गुण लावून घेणंच स्वस्त.